पाहुणीची सीताफळं

माझी उज्मा फुप्पी आधी किडे मोजायची, आता मोजलेल्या किड्यांचे आकडे मोजते. हे वाक्य अब्बांचं आहे, आणि गाड्यावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवतात. गेवराईच्या स्टँडजवळ आमचा फळांचा गाडा आहे. रविवारी मी बसते, आणि मी बसले की माल जास्त खपतो. हे वाक्य मात्र माझं आहे.

फुप्पी म्हणजे अब्बांची सगळ्यात धाकटी बहीण. तिने सीताफळावरच्या पिठ्या ढेकणावर पीएचडी केली. सीताफळाच्या खाचांमध्ये पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसतं ना, तोच हा किडा. दोन हंगाम ती बारा बागा हिंडली, भिंगातून किडे बघून वह्या भरल्या. नंतर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तिथे तिच्या लक्षात आलं की तिला किड्यांपेक्षा त्यांच्या संख्येचं वेड जास्त आहे. या बागेत इतके, त्या बागेत तितके, ते कावून? मग तिने दीड वर्ष घरी बसून संख्याशास्त्र शिकायला घेतलं, लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायला शिकली. आमच्या दादीला, म्हणजे आमिनाबीला, एवढंच कळलं की डॉक्टर झालेली पोरगी परत पहिलीत जाऊन बसली.

मला तर त्याचा फायदाच झाला. मी दहावीत आहे, आणि आठवीपर्यंत गणितात काठावर तरत आले होते. फुप्पीच्या शेजारी बसून बसून परवाच्या चाचणीत वीसपैकी अठरा पडले. तेव्हापासून मी वर्गात प्रत्येक प्रश्नाला हात वर करते. उत्तर येत नसलं तरी करते. वर केलेल्या हाताला सर सहसा विचारत नाहीत, हा माझा स्वतःचा शोध आहे.

तर गोष्ट अशी. पिकांची माहिती गोळा करून तिचा अभ्यास करणारी एक संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे एक जागा निघाली. याआधी दोन ठिकाणी फुप्पीला नकार मिळाला होता, तुम्ही जीवशास्त्राच्या, आकडेमोड तुमचं काम नाही, असं म्हणून. इथे मात्र त्यांनी सांगितलं की स्वतः गोळा केलेल्या माहितीचं विश्लेषण करा आणि मंगळवारी अकरा वाजता ऑनलाइन मांडून दाखवा. हे न्हाई जमलं तर पुन्हा तासिका घेईन आणि लॅपटॉप अलिनाला, म्हणजे मला, देऊन टाकीन, असं तिने दादीला कबूल केलं होतं. लॅपटॉपची गोष्ट ऐकूनसुद्धा मी तिच्याच बाजूने दुवा मागितली, हे इथे नोंदवून ठेवते.

शनिवारी दुपारी तिने आमच्यापुढे तालीम केली. अब्बा गाडा शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून आले होते. पडद्यावर बारा बागांचे बारा खांब. अकरा खांब बोटाच्या पेरापेक्षा लहान आणि बारावा एकदम वर, ताडमाड. तो बायनाबाईच्या बागेचा, शिरूर कासारकडचा. फुप्पीने सांगितलं की बाकीच्यांनी निंबोळी अर्क फवारला होता, बायनाबाईने नव्हता, म्हणून तिथे कीड. आकडे तसंच म्हणत होते. दादी म्हणाली, चांगलं हाय, पण लाल रंगाचे खांब कर.

मी त्या अकरा खांबांकडे बघत होते. इतकी स्वच्छ सीताफळं मी एकाच ठिकाणी बघितली होती, अब्बांच्या पेटीच्या वरच्या थरात. आमच्याकडे पेटी भरताना चांगलं फळ वर मांडतात. चोरी नाही ती, रीत आहे. गिऱ्हाइकालाही माहीत असतं, म्हणून तेही खाली हात घालतं.

मी विचारलं, "फुप्पी, ही फळं तोडली कुणी?"

"म्हणजे?"

"झाडावरून तू तोडली का बागवाल्यांनी दिली?"

अब्बा हसायला लागले आणि मध्येच थांबले. फुप्पी उठली, जुनी वही काढली, पानं उलटली. अकरा पानांवर लिहिलेलं होतं, बागमालकाने दिली. बाराव्यावर, बायनाबाई ऊसतोडीला गेल्या आहेत, बागेत कुणी नाही, शेजाऱ्याला विचारून स्वतः तोडली.

ती तशीच जमिनीवर बसली. दादीने न विचारता चहा ठेवला.

रविवारी सकाळी गाडा अब्बांवर सोडून आम्ही दोघी स्कूटीवरून उमापूरला गेलो, बद्रीनाथकाकांच्या बागेत. वहीत त्यांच्या वीस फळांपुढे किडीचा आकडा शून्य होता. फुप्पीने विचारलं, काका, तेव्हा मला फळं कशी निवडून दिलती? काकांना प्रश्नच कळेना.

"आता पाव्हणी लेक दारात आली, तिला किडकं देऊ का? चांगली बघून बघूनच दिली. मंजुळाबाईनं तर पुसून दिलती फडक्यानं."

मंजुळाबाई म्हणजे त्यांच्या घरच्या. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला, आणि बोलता बोलता आमच्यासाठी पुन्हा चार टपोरी सीताफळं निवडून पिशवीत घातली.

फुप्पीने त्यांना नीट समजावलं. मग झाडांना नंबर दिले. मोबाइल चिठ्ठी काढल्यासारखा सांगेल त्या नंबरचं झाड आणि सांगेल ती फांदी, तिथलं सगळ्यात जवळचं फळ. नंबर वाचायचं काम माझं. मी सतरा म्हणाले तर काका आडवेच आले. "सतराचं नगं पोरी, ते लई वंगाळ झाड हाय. सोळाचं घे की."

"काका, आमाला वंगाळ बी पायजे," मी म्हणाले.

काका नाराजीनं बाजूला झाले, आणि पुढची प्रत्येक फांदी आम्ही बघत असताना ते आपल्या बागेची माफी मागत होते. वीसपैकी सात फळांवर पांढरं निघालं. फवारणी त्यांनी यंदाही केली होती.

घरी येताना मला वाटलं, झालं, मीच तिचं वाटोळं केलं. तसं मी विचारलंही. ती म्हणाली, एका बागेवरून काही सिद्ध होत नाही, पण अकरा बागांवरून जे सिद्ध झालं असं मी समजत होते, ते तर झालेलंच नाही. मंगळवारी जुनेच खांब दाखवले असते तरी कुणाला कळलं नसतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. सोमवारभर ती लॅपटॉपसमोरून हलली नाही.

मंगळवारी मी शाळेला दांडी मारली. दाराच्या आड, पडद्यावर दिसणार नाही अशी उभी राहिले. फुप्पीने सुरुवातीलाच सांगून टाकलं की माझे अकरा बागांचे आकडे चुकीचे आहेत, का चुकले ते सांगते. वही दाखवली, उमापूरचे सात दाखवले, बाराही बागांत पुन्हा कसं मोजावं लागेल ते दाखवलं. समोरच्या एका बाईंनी विचारलं, मग दोन हंगामांचं काम वाया गेलं म्हणायचं?

फुप्पी म्हणाली, "किडा ओळखण्यात मी चुकले नाही मॅडम. मोजण्यात चुकले. मी बागा मोजल्याच नाहीत, पाहुणचार मोजला."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मला ते हसणं कसलं ते कळेना, आणि माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, पण हलायची सोय नव्हती.

गुरुवारी फोन आला. फुप्पीने तो उभ्याने घेतला, हो म्हणाली, हो मॅडम म्हणाली, आणि ठेवल्यावर दादीच्या गळ्यात पडली. त्यांच्याकडे गावोगाव फिरून माहिती आणणारी तीस मुलं आहेत, त्यांना आधी हेच शिकवा, असं त्या बाईंनी सांगितलं. एक तारखेला हजर व्हायचं.

मी चप्पल न घालता गाड्यापर्यंत पळाले. अब्बांसमोर दोन गिऱ्हाइकं होती, तरी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी तराजू खाली ठेवला. मग विचारलं, "संभाजीनगरला सकाळची पहिली गाडी कितीची हाय?"