राखाडी घोंगडं आणि पांढरी नवरी

मित्रांनो, मी एक जुना प्रकाशमापक आहे. मूठभर आकाराचा. मला बॅटरी लागत नाही. देवाने पाठवलेला उजेड हेच माझे अन्न. तो अंगावर पडला की माझा काटा हलतो आणि कॅमेऱ्याचे तोंड किती उघडायचे ते मी सांगतो.

रोडोपी नावाच्या डोंगरातल्या आमच्या गावात रुफात फोटोवाल्याने मला आणले, तेव्हा सारे गाव कौतुकाने बघायला आले. पण माझी एक खोड कुणालाच ठाऊक नव्हती. समोर काहीही असो, ते राखाडीच आहे असे मी धरून चालतो. बर्फाकडे रोखले की मला वाटते, केवढा हा उजेड! आणि मी सांगून बसतो, तोंड बारीक करा. मग कॅमेऱ्यात उजेड कमी शिरतो आणि पांढरेही काळवंडते.

आमच्याकडे लग्ने भर हिवाळ्यात होतात. नवरीचा चेहरा पांढऱ्या रंगाने माखून त्यावर टिकल्या चिकटवतात. इमामांची दुआ होईपर्यंत ती डोळे मिटून असते, नंतर रंग धुतला जातो. फोटो घ्यायचा तो तेवढ्यातच. सेव्दाच्या लग्नात रुफातने माझे ऐकले. बर्फ राखेसारखा आला, सेव्दाही. मग मी पेटीच्या तळाशी गेलो.

बऱ्याच वर्षांनी सेव्दाच्या लेकीचे, नाफियेचे लग्न निघाले. रात्रभर बर्फ पडला होता, वर लख्ख ऊन. नुसत्या अंदाजाची रुफातला भीती वाटली. त्याने मला बाहेर काढले.

"आला का तुमचा शहाणा?" सेव्दाने मला लगेच ओळखले. "रुफातदादा, माझ्या तोंडाला राख फासलीत ती फासलीत. माझी लेक तरी पांढरी दिसू द्या!"

"काय करू गं? याला सगळं जग राखाडीच वाटतं."

"मग राखाडीच दाखवा की! ते बघा, मी विणलेलं घोंगडं. बघू दे मेल्याला पोटभर!"

बायका खो खो हसल्या. नाफियेचे रुखवत रिवाजाप्रमाणे अंगणात लाकडी सांगाड्यावर टांगले होते. रजया, चादरी आणि मधोमध बकरीच्या केसांचे राखाडी घोंगडे. त्याच्यावरही तेच ऊन होते.

रुफात हसता हसता थांबला. त्याने मला घोंगड्यासमोर धरले. काटा शांतपणे खाली उतरून स्थिरावला. समोर खरोखरच राखाडी होते, म्हणून या वेळी माझे माप चुकले नाही. रुफातने कॅमेऱ्याचे तोंड तेवढे उघडले आणि मिटल्या डोळ्यांच्या नाफियेचा फोटो घेतला.

फोटो धुऊन आला. बर्फ दुधासारखा, चेहरा त्याहून पांढरा आणि एकेक टिकली चमकती! सेव्दाने तो छातीशी धरला.

"अगं बाई, अशीच दिसत होते का गं मी?" ती बायकांना विचारत राहिली.

"अश्शीच!" सगळ्या ओरडल्या.

मग तिने घोंगड्याचा काठ कापून माझ्यासाठी पिशवी शिवली.

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, धुळीत टाकू नका. आणि कुणाचे एकदा चुकले, तर पेटीत बंद करण्याआधी त्याचा स्वभाव तेवढा समजून घ्या. आता दर हिवाळ्यात मी आधी माझ्या घराकडे, त्या राखाडी पिशवीकडे बघतो, आणि मग रुफात नवरीकडे.