पडद्यावरचा हात

"आले! आले!" पहिल्या रांगेतून किंकाळी उठली आणि दुपारच्या खेळाला आलेलं अख्खं थिएटर हात जोडून उभं राहिलं. पडद्यावर धुक्याने भरलेला जिना होता आणि जिन्यात माझे काका उभे होते. वारलेले काका, हात हलवून बोलावत होते.

काकांनी तरुणपणी भुताचा एक सिनेमा दिग्दर्शित केला होता. निर्मात्याने त्याला कात्री लावली, कापलेला भाग हरवला, आणि काका तो सल घेऊनच गेले. आता एका गृहस्थाला म्हणे तो मूळ सिनेमा सापडला होता. लोक त्याला रीळबाबा म्हणत.

"रिळं कुणी जोडली? मी? छे!" तो माइकवर घोगरा आवाज काढायचा. "डबे बंद करून झोपलो, सकाळी पाहतो तर सिनेमा पूर्ण! खुद्द दिग्दर्शक येऊन गेले!" चिकटपट्टीसुद्धा आत्म्यानेच आणली असावी.

लोकांचं मी सोडून दिलं असतं. पण माझी मावशी, म्हणजे काकांची बायको, रोज पहिल्या रांगेत बसायची आणि तिने हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"हे बोलावताहेत गं मला," ती म्हणायची. "बाबा म्हणाले, गोळ्यांनी तार तुटते."

तिचे पाय सुजले होते, दोन पायऱ्यांत धाप लागत होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. पोलिसांत जाता आलं असतं, पण मला या माणसाला त्याच्याच भक्तांसमोर उताणा पाडायचा होता. सूडच म्हणा ना.

एक गोष्ट मी हेरली होती. जुनी फिल्म घासलेली, त्यामुळे जिना सारखा थरथरायचा. काका मात्र जागचे हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या भिंतीशी, प्रोजेक्टरच्या खिडकीखाली बसले. काका आले आणि मी खुर्चीवर चढून झोतात छत्री उघडली. जिना गेला, धुकं गेलं. काका मात्र अंधारात तसेच हात हलवत राहिले.

"सिनेमा मी अडवलाय!" मी ओरडले. "मग हे भूत कुठून आलं?"

माना वळल्या. कडेच्या बॉक्समधून, तिथल्या मखमली पडद्याच्या फटीतून, दुसरा बारीक झोत येत होता.

"छत्री मिटा! आत्मा कोपेल!" रीळबाबा किंचाळला.

तेवढ्यात मावशी उभी राहिली. धुकं गेल्यामुळे काकांच्या मागचं आता दिसत होतं.

"अगं, ही तर आमची गच्ची! ते माझे परकर वाळताहेत! मी काढलेली फिल्म आहे ही. आठवण म्हणून बघतो म्हणत यानेच नेली!" तिचा आवाज चिरकला. "हे बोलावत नव्हते मला. चौकटीत परकर येताहेत, कॅमेरा बाजूला घे म्हणून ओरडत होते. शूटिंगलाही असाच हात करायचे."

रीळबाबा चित्र झाकायला पडद्यासमोर धावला. काकांचा हात आता त्याच्याच झब्ब्यावर हलू लागला.

"तुला सांगताहेत, मेल्या!" मावशी कडाडली. "बाजूला हो!"

"बाजूला हो!" सगळं थिएटर गरजलं. तो तोंड लपवून दाराकडे पळताना पाहून मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

बाकीचा सिनेमा तोच जुना, कापलेला होता. सापडलं काहीच नव्हतं. मावशी बाहेर पायरीवर बसली आणि खूप रडली. मग हात पुढे करून म्हणाली, "आण त्या गोळ्या."

तुमच्याही गावात उद्या कुणी मेलेलं माणूस पडद्यावर आणेल. दोन्ही हात जोडायच्या आधी एक हात झोतात धरून बघा.