फोटो उघडेपर्यंत

विनीतानं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि बाबांची खुर्ची स्क्रीनसमोर ओढली. नेपियर टाउनमधल्या त्यांच्या स्टुडिओत एक फोटो उघडायला इतका वेळ लागे, की पासपोर्ट फोटोवाली मंडळी कंटाळून शेजारच्या दुकानात जात. सुट्टीवर आलेल्या विनीताला ते बघवेना. सकाळपासून ती हात धुऊन त्याच्या मागे लागली होती.

दोष यंत्राचा नव्हताच. फोटो झटकन दिसावा म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोची छोटी नक्कल काढून ठेवी. पण वर्षानुवर्षांच्या साऱ्या नकला एकाच फोल्डरात कोंबलेल्या. एक हवी असली की सगळा ढीग उपसायचा. वेळ वाचवायला केलेली सोयच वेळ खात बसली होती. विनीतानं सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. आता नकला फोटोच्या नावातल्या पहिल्या अक्षरांप्रमाणे लहान लहान फोल्डरांत जाऊन बसत होत्या.

"म्हणजे माझे निगेटिव्हचे डबे," तिचे बाबा दिवाकर म्हणाले. "अक्षराचा डबा काढा, त्यातच पाकीट शोधा."

"वही तो, बाबा. अब देखो."

एक अख्खं लग्न पापणी लवायच्या आत स्क्रीनवर आलं. विनीता शाबासकीची वाट पाहत राहिली. बाबांनी मान डोलावली, पण नजर दाराकडे होती.

"आज सोमवार न?" त्यांनी विचारलं.

सोमवारी ओमतीहून सत्यवतीकाकू येत. त्यांचे यजमान रामराव गेल्यापासून त्यांचा हा नेम होता. भिंतीवर लावायला रामरावांचा फोटो निवडायचा होता. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात रामराव पुढे, त्यामुळे फोटोंना तोटा नव्हता. पण दोन-चार उघडेपर्यंत चहा होई, जुन्या गोष्टी निघत, आणि काकूंची परतायची वेळ होई. निवड राहूनच जाई. आज बिचारीचे हेलपाटे संपतील, या कल्पनेनं विनीता खूश होती.

काकू आल्या तशी तिनं रामरावांचं नाव टाकलं. क्षणात स्क्रीन त्यांनी भरून गेला. फेट्यातले रामराव, पंगतीत वाढणारे रामराव, बरगी धरणाच्या पाण्यात पँट दुमडून उभे असलेले रामराव. काकू अजून धड टेकल्याही नव्हत्या.

"इतक्यात आले?"

"हाँ काकू. बस, एक चुन लो. परवा फ्रेम तयार."

"पोरगं रोज विचारून राहिलं," काकू म्हणाल्या. "हार आणून ठेवला म्हणते. एकदा हार चढला की मग…"

त्यांनी बोट उचललं, पाण्यातल्या फोटोपर्यंत नेलं. मग हात मागे घेऊन पदरात लपवला. सकाळपासूनची आपली सगळी हुशारी विनीताला एकदम नकोशी झाली.

टेबलाखाली दिवाकरांचा पाय सरकला, बटण खट्‌ वाजलं आणि स्क्रीन काळा झाला.

"लाइट गेली, वहिनी," ते म्हणाले. "बसा आता, चहा घ्या."

काकूंनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या.

"लवकर नाही न येत आता?" त्यांनी विनीताला विचारलं.

"नाही काकू," विनीता म्हणाली. "आज काही येत नाही."

आणि ती चहा ठेवायला उठली.