मध्ये बोलायचं नाही

शिलाई मशिन बिघडलं की ते आधी आवाजात बिघडतं, टाका नंतर चुकायला लागतो. अडतीस वर्षं मी एका शिलाई कारखान्यात मशिनं दुरुस्त करतोय. चाळीस मशिनं एकदम धडधडत असली तरी तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या मशिनची सुई वाकलीय, हे मी दारात उभा राहून सांगतो. लोक विचारतात, कान आहेत की काय आहेत. मी म्हणतो, कानच तेवढे आहेत, बाकी काही धड राहिलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे याच कानांची फजिती झाली.

वर्ष संपताना कारखाना दहा दिवस बंद असतो. बाकीचे त्या सुट्टीवर डोळे लावून बसतात. मला तिची धास्ती वाटते. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी समुद्रापलीकडे. घर दोन खोल्यांचं. मोरीतला नळ टिपटिपतो, मला ते दोन मिनिटांचं काम, पण मी त्याला हात लावत नाही. तेवढाच घरात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज.

त्या दहा दिवसांत वाट बघण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे सात गाणी.

मुलीला मी ठमी म्हणतो. लहानपणी होती तशी गोलमटोल. आता ती काटकुळी झालीय, पण नाव काही उतरत नाही. ती शिकायला वसतिगृहात गेली तेव्हापासूनची ही आमची पद्धत. वर्षभरात प्रत्येकाने सात नवी गाणी शोधायची आणि वर्षअखेरच्या सुट्टीत एकमेकांना ऐकवायची. एक तिचं, एक माझं. समोरच्याने आधी ऐकलेलं असलं तर ते बाद. ऐकून झालं की दहापैकी मार्क द्यायचे. आणि सगळ्यात मोठा नियम, गाणं चालू असताना मध्ये बोलायचं नाही. कुणी बोललंच तर एक मार्क कापायचा आणि गाणं पहिल्यापासून लावायचं. हा नियम तिच्या आईमुळे करावा लागला. ती ऐन गाण्यात विचारायची, भात लावू का.

नुसतं गाणं पाठवून द्यायचं आणि ज्याने त्याने आपापलं ऐकायचं, हे मला मान्य नाही. मग ते डबा पोचवल्यासारखं होतं, जेवायला कुणी सोबत नाही. म्हणून घरातला तारेचा फोन मी अजून ठेवलाय. तिचा त्यावर फोन येतो. मी मोबाइलवर गाणं लावतो आणि रिसीव्हर त्याच्या शेजारी आडवा ठेवतो. ती तिच्या स्पीकरला फोन टेकवून ठेवते. यात गोम अशी की, जो गाणं लावतो त्याला तेवढा वेळ पलीकडचं काही ऐकू येत नाही. एकदा तिच्या गाण्याला मी अथपासून इतिपर्यंत खोकलो होतो. तिला पत्ताच नाही. म्हणाली, बाबा, किती शांतपणे ऐकलंत.

परदेशी जाताना तिने माझ्या मोबाइलवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं. खातं तिचंच, त्यात मीही. तिने उघडून दाखवलं होतं, इथे 'नुकतंच ऐकलेलं' म्हणून रांग दिसते, दोघांपैकी कुणीही काही ऐकलं की ते इथे येतं. ती गेली, आणि मला त्या रांगेचा नाद लागला.

जेवण झालं की मी चारपाच गाणी लावून आडवा व्हायचो. इकडे माझी रात्र म्हणजे तिकडे तिचा दिवस. सकाळी उठून बघावं तर रांगेत ऐंशी-नव्वद नवी गाणी. मला कळायचं, लेकीने काल हे ऐकलं. मग कारखान्यात जाताना बसमध्ये त्यातलीच गाणी मी ऐकायचो. तिला यातलं कधी बोललो नाही. म्हणाली असती, बाबा, माझ्यावर पाळत ठेवता का. होतीच ती पाळत, नाही कशाला म्हणू. पण रोज फोन करून लेकीच्या संसारात डोकावण्यापेक्षा हे बरं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. फोन महिन्यातून एकदोनदा यायचा. गाणी रोज यायची.

सकाळी मोबाइल मात्र मेलेला असायचा. चार्जिंगला लावला की जिवंत व्हायचा. दुकानात नेला, बॅटरी बदलून घेतली. नवी बॅटरीही सकाळपर्यंत मरायची. म्हटलं, हल्लीचा मालच नकली.

या वर्षी ती गाणी बदलली. चैतन्य गेलं त्यातलं. उन्हाळ्यापासून बघतोय, सगळी संथ, रडवेली. एक तर नुसतं बासरीचं, त्यात शब्दच नाहीत, ते पुन्हा पुन्हा येतंय. वाटायला लागलं, काही तरी बिनसलंय. जावई तसा सरळ माणूस, पण सरळ माणसंही घरात मुकी असू शकतात. फोनवर विचारलं की ठमी म्हणायची, मजेत आहे. मजेतलं माणूस एवढी बासरी ऐकतं का?

आणि सुट्टी लागली त्याच दिवशी ॲपने वर्षाचा गोषवारा पाठवला. रंगीत पडदा, त्यावर मोठ्या अक्षरांत, या वर्षी तुम्ही तीन हजार एकशे सव्वीस तास ऐकलंत. मी कागद घेऊन भागाकार केला. दिवसाला साडेआठ तास. त्यातले माझे फार तर दीड. ती बासरी चारशे अकरा वेळा. मी कागद घेऊन तसाच बसून राहिलो. पोरगी दिवसाचे सात तास एकटी बसून हे ऐकते, तिच्याशी बोलणारं तिथे कुणी नाही, आणि मी इथे बापुडवाणा मार्क देत बसतोय.

ठरवलं की या वेळी स्पष्ट विचारायचं. काही असेल तर म्हणायचं, बाई, निघून ये. दोन खोल्या आहेत. तुझी खाट अजून तशीच आहे.

रविवारी संध्याकाळी सातला फोन आला. तिची तेव्हा सकाळ.

"तयार?" ठमीने विचारलं.

"केव्हाचा."

माझी सात गाणी वहीत लिहिलेली होती. रांगेतलं एकही घेऊन चालणार नव्हतं, ते तिचं ऐकलेलंच. म्हणून वर्षभर मी लोकांच्या मागे हिंडलो होतो. कारखान्यात शर्टांना काजं करणारी बाई गुणगुणते, ते कुठलं म्हणून तिला इतक्यांदा विचारलं की ती म्हणाली, काका, नवऱ्याने एवढं लक्ष दिलं असतं तर. दोन गाणी तिची. एक न्हाव्याचं. एक बसमधल्या एका कॉलेजच्या मुलीचं, तिने कानातला इअरफोन काढून मला दिला आणि स्टॉप येईपर्यंत परत मागितला नाही.

तिची सात ऐकायची मला वेगळीच काळजी होती. ती लावणार ते मी रांगेत आधीच ऐकलेलं असणार. तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं दाखवायचं होतं. आरशासमोर चेहरासुद्धा करून पाहिला होता, फोनवर चेहरा दिसत नाही हे नंतर लक्षात आलं.

तिने पहिलं लावलं. कुणी तरी नुसत्या टाळ्यांवर गात होतं. मी कधी ऐकलेलं नव्हतं.

दुसरं नवीन, तिसरंही. चौथ्याला तर मी हसलो, कारण त्यात गाणारा मध्येच शिंकतो आणि तसाच पुढे गातो. पाचवं, सहावं. सगळी हसरी, पाय हलवायला लावणारी. रांगेतलं एकही नाही. माझ्या सहा गाण्यांना तिने सातच्या खाली मार्क दिले नाहीत, काजंवालीच्या एकाला दहा. पण माझं लक्ष उडालं होतं. मी म्हटलं, लपवतेय. खरं ऐकते ती दडवून ठेवतेय आणि बापासाठी ही वेगळी काढून ठेवलीत.

"ठमे," मी म्हटलं, "ती बासरी का नाही लावलीस?"

"कुठली बासरी?"

"चारशे अकरा वेळा ऐकलीस, आणि कुठली म्हणून विचारतेस?"

"बाबा, काय बोलताय तुम्ही?"

मग मी सगळं सांगून टाकलं. रांग, उन्हाळ्यापासूनची रडवेली गाणी, तीन हजार एकशे सव्वीस तास. पाळत ठेवली हेही कबूल केलं. म्हटलं, "राग आला तर येऊ दे. पण मला खरं सांग. तू तिकडे इतकी एकटी पडलीयेस का गं?"



"बाबा, ते खातं मी वापरतच नाही. लग्न झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून वेगळं घेतलं. ते तुमच्यापुरतंच चालू ठेवलंय. दोन वर्षं होऊन गेली."

"मग ही गाणी कोण ऐकतं?"

"तुम्ही रात्री गाणं लावून झोपता?"

"चारपाच. ती संपली की बंद होतं."

"नाही होत, बाबा. आपली संपली की ते त्यांच्यासारखी आणखी शोधून लावत बसतं. कुणी बंद करेपर्यंत."

मी मोबाइलकडे बघितलं. नवी बॅटरी घातलेला तो मोबाइल टेबलावर गुपचूप पडला होता. चाळीस मशिनांत एक सुई वाकलेली ओळखणारा मी, दोन वर्षं उशाशी रात्रभर गाणी वाजत होती आणि मला पत्ता नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हा. लेक म्हणून मी रोज सकाळी ज्याची विचारपूस करत होतो, ते माझंच झोपलेलं घर होतं. आणि ती गाणी का रडवेली झाली तेही समजलं. मी झोपताना जी चारपाच लावायचो त्यांच्यासारखीच ते आणखी शोधत होतं. तिकडून काहीच येत नव्हतं. एक गाणंसुद्धा आलेलं नव्हतं.

"बाबा?" ठमीचा आवाज बारीक झाला होता. "तीन हजार तास..."

"अगं, ऐकतोय कोण, घोरतोय," मी म्हटलं. "फुकट वाजत होतं बिचारं."

ती हसली, पण ते हसणं अर्ध्यात राहिलं. ती आता काय विचारणार ते मला कळलं, आणि ते मला नको होतं. मी घाईने म्हटलं, "चल, तुझं सातवं राहिलंय. लाव."

"बाबा, आधी..."

"लाव म्हटलं ना."

खरखर झाली, म्हणजे तिने फोन स्पीकरला टेकवला. गाणं सुरू झालं. एक वयस्क बाई गात होती, आवाज थोडा चिरलेला, साथीला एकच तार. फार सुंदर होतं. आणि तिला ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी बोलायला लागलो.

म्हटलं, ठमे, मी रोज सकाळी तुझी गाणी बघून उठायचो. आज तुझा दिवस बरा दिसतोय, असं स्वतःशी म्हणून दाढी करायचो. उद्या काय बघून उठू? म्हटलं, ही सुट्टी मला खायला उठते. काल दिवसभरात मी फक्त दूधवाल्याशी बोललो, तेही 'उद्या एक कमी दे' एवढंच. तुझ्या आईने मध्येच 'भात लावू का' विचारलं तर आता मी एक मार्क कापणार नाही. नळ मुद्दाम दुरुस्त करत नाही, हेही सांगितलं. तू एकटी पडलीस म्हणून मी तुला परत बोलावणार होतो, ती खाट झटकून ठेवलीय, चादर नवी घातलीय. आता ती काढू की ठेवू ते सांग. गाणं चालू होतं तोवर मी बोलत होतो.

मग ते संपलं. पुन्हा खरखर झाली आणि ती आली.

"किती?"

"नऊ."

"एक कुठे गेला?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण मार्कांच्या बाबतीत आम्ही कधी खोटं बोललेलो नाही.

"मध्ये बोलणं झालं."

"मी तर श्वाससुद्धा घेतला नाही."

"तू नाही. मी."

 काय बोललात, असं तिने विचारलं नाही.

"मग नियमाप्रमाणे पहिल्यापासून," ती म्हणाली.

गाणं पुन्हा सुरू झालं. पण या वेळी खरखर झाली नव्हती, आणि ती तार लांबून ऐकू येत होती, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून यावी तशी. जवळ होता तो तिचा श्वास. फोन तिने स्पीकरला टेकवलाच नव्हता, कानाला धरून ठेवला होता. एवढं ओळखायला माझे कान अजून शाबूत आहेत.

मघाशी मी भडाभडा बोललो होतो. आता ती ऐकतेय म्हटल्यावर तोंड उघडेना. त्या बाईचं एक कडवं झालं, दुसरं लागलं. ठमी गप्प होती. मोरीत नळ टिपटिपत होता, तोही तिला ऐकू जात असणार.

"ठमे," मी म्हटलं, "मला करमत नाही गं."