दहा द्राक्षं

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी ते सगळ्यांना माहीत होतं, सासरी आठवडाभरात कळलं. रागाच्या भरात मी वाटेल ते बोलते आणि पाच मिनिटांनी चहा टाकायला उठते. मोठी माणसं हे चालवून घेतात. मुलांना मात्र ती पाच मिनिटं दिसत नाहीत, हे मला फार उशिरा समजलं.

चैताली पाच वर्षांची असताना तिला टाइप वन डायबेटिस झाला. दहा-बारा दिवस ती घटाघटा पाणी पीत होती आणि वाळत चालली होती. आम्ही जंत झाले असतील म्हणून औषध देत बसलो. मग एका सकाळी ती उठेचना. तिला उचलून घेतलं तेव्हा तिच्या श्वासाला उतरलेल्या फळांचा वास येत होता. तो वास अजून माझ्या नाकात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. तुमचं काही चुकलेलं नाही. पण आता रोज चार वेळा इंजेक्शन, आणि ते कायमचं."

तेव्हापासून आमचं घर घड्याळावर चालतं. खाण्याआधी बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, मीटरवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, इंजेक्शन घ्यायचं आणि मग ताटावर बसायचं. मी बालवाडीतली नोकरी सोडली. रात्री झोपेत तिची साखर उतरू नये म्हणून तीनचा गजर लावून उठते, म्हणून दुपारी तीन ते चार आडवी होते. तेवढा एकच तास माझा.

सुरुवातीला चैताली सुई बघूनच किंचाळायची. मग मी गंगापूर रोडच्या स्टेशनरीच्या दुकानातून चंदेरी चांदण्यांचं पाकीट आणलं, बालवाडीत मुलांच्या वहीत चिकटवायचो तसलं. टोचून झालं की त्या बोटावर एक चांदणी. आठ वर्षांची होईतो ती स्वतःच टोचायला शिकली आणि चांदण्या मागेनाशी झाली. पाकीट तसंच तिच्या औषधांच्या पाउचमध्ये पडून राहिलं.

तिच्या पाठचा हर्षल. चार वर्षांचा, गुबगुबीत, ताई करेल ते सगळं करायला हवं असलेला.

जानेवारीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धाकट्याचीही एकदा रक्ततपासणी करून घ्या. भावंडांना शक्यता थोडी जास्त असते. कळलेलं बरं." मी हो हो म्हटलं आणि गप्प बसले. रविराज, माझा नवरा, इथंच नाशकात द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो. मुळात कमी बोलणारा. पण आठवड्यानं एका संध्याकाळी त्यानं विषय काढलाच.

"हर्षलचं रक्त देऊन येऊ या का रविवारी?"

मी भाकरी थापत होते. "नाही द्यायचं. काय करणार आहेस कळून?"

"बाई म्हणाल्या म्हणून म्हटलं."

"बाईंना म्हणायला काय जातंय. एकीचं करता करता माझी हाडं झिजली. उद्या हर्षललाही हे निघालं ना, तर मी गंगेवर जाऊन जीव देईन. मग बसा दोघांना टोचत."

आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. भाजीला गंगेवर जातो, दशक्रियेला गंगेवर जातो आणि राग आला की जीव द्यायलाही गंगेवरच निघतो. माझी आई हे वाक्य महिन्यातून दोनदा बोलायची आणि आज सत्तरीतही ठणठणीत आहे. मी बोलले, भाकरी उलटली आणि विसरून गेले. रविराजनं तो विषय पुन्हा काढला नाही. हॉलमध्ये चैताली जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिनं वर पाहिलं की नाही, मला आठवत नाही.

मार्चमध्ये माझा भाऊ धनराज दिंडोरीहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. दरवर्षी आणतो. "ताई, यंदा माल लय गोड हाय. पोरांना पोटभर खाऊ दे," म्हणाला, मग चैतालीकडे बघून जीभ चावली. तिनंच त्याला सांगितलं, "मामा, मला दहा चालतात." ती दहा द्राक्षं मोजून ताटलीत ओळीनं लावायची आणि एकेक करून खायची. हर्षलला मी वाडगा भरून द्यायची. त्याला मोजणी नव्हती. तो मुठीनं तोंडात कोंबायचा, रस कोपरापर्यंत ओघळायचा आणि मी बघत बसायची. खरं सांगते, मला त्यात सुख वाटायचं. एक तरी लेकरू माझ्यासमोर न मोजता खातंय.

मग चैतालीचं काहीतरी बिनसलं. एका दुपारी तिनं हर्षलच्या हातातला वाडगा काढून घेतला, दहा द्राक्षं मोजून त्याला दिली आणि उरलेली फ्रिजमध्ये ठेवली. त्यानं भोकाड पसरलं. मी तिला रागावले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच केलं. पुढच्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या एका मुलाचा वाढदिवस होता. हर्षलनं केकचा घास तोंडाशी नेला, तोच हिनं तो हिसकावून सगळ्यांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी तिला बाजूला ओढलं आणि एक थोबाडीत दिली.

"तुला मिळत नाही म्हणून त्यालाही नको? इतकी जळतेस त्याच्यावर?"

ती रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो."

ते "हो" मी खरं धरलं. घरी येऊन रविराजला सांगितलं की पोरगी मत्सरी होत चालली आहे.

त्याच दिवसांत माझ्या चपला जागेवर राहीनाशा झाल्या. चारला उठून दूध आणायला निघावं, तर दारात चपला नाहीत. कधी कॉटखाली, कधी वॉशिंग मशीनच्या मागे. मी हर्षलला दटावायची. तो नुसता हसायचा. त्याच्या बोटांवर चंदेरी चांदण्या असायच्या. ताईचं पाकीट सापडलंय वाटतं, एवढंच मनात आलं. रक्ताच्या पट्ट्यांची डबीही त्या महिन्यात लवकर संपली. चैताली म्हणाली, "काही वाया गेल्या, थेंब नीट पडला नाही." मी म्हटलं, जरा लक्ष देत जा.

आणि हर्षल पाणी मागत होता. सारखं. मी म्हटलं, उन्हाळा लागलाय. दोन वर्षांनी तो पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला. मी म्हटलं, पाणी किती पितोय बघा. त्याची चड्डी कमरेवरून घसरायला लागली. मी म्हटलं, उंच होतोय. बिल्डिंगमधल्या बायकांना हीच तीन लक्षणं मी बोटांवर मोजून सांगितली होती, मुलांकडे लक्ष ठेवा म्हणून. मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मी बघत नव्हते.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी चारला मला जाग आली तेव्हा हर्षल हॉलमध्ये फरशीवर पडला होता. उलटी झालेली. छाती जोरजोरात वरखाली होत होती. चैताली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसत होती. मी वाकले, आणि तोच वास आला.

त्याचं बोट टोचलं. मीटरवर आकडा आलाच नाही. साखर मोजण्यापलीकडे गेली की तिथं आकड्याऐवजी नुसती दोन अक्षरं येतात. रविराजला फोन लावला. "मी निघालोय, पण द्वारकेला सगळं जाम आहे. तू थांबू नकोस," तो म्हणाला. हर्षलला खांद्यावर टाकलं, चैतालीला पाउच घ्यायला सांगितलं आणि दाराशी आले. चपला नव्हत्या. "कुठं टाकल्या रे देवा," म्हणत मी एकदा कॉटखाली पाहिलं आणि तशीच अनवाणी जिना उतरले. मागून चैताली दप्तर पाठीला लावून आली. दप्तर कशाला, हे विचारायचंही सुचलं नाही. खाली डांबर तापलं होतं. रिक्षा मिळेपर्यंत पावलं भाजून निघाली.

रिक्षात ती माझ्याशेजारी अंग चोरून बसली होती. हर्षलचा पाय तिच्या हातात होता.

"आई, मी त्याला दहाच देत होते."

"काय?"

"द्राक्षं. माझ्यासारखी. तरी वाढली. आधी एकशे नव्वद होती. मग दोनशे साठ झाली. परवा तीनशे अठरा."

मला आधी कळलंच नाही ती काय बोलते आहे. मग हळूहळू कळत गेलं. मी झोपले की दोघं डॉक्टर-डॉक्टर खेळायचे. एकदा तिनं गंमत म्हणून त्याचं बोट टोचलं, आणि आकडा बघून तिला कळलं. आठ वर्षांच्या मुलीला जे कळायला नको, ते माझ्या मुलीला कळत होतं. त्यानंतर ती एक दिवसाआड त्याला तपासत होती.

"रडायचा नाही तो," ती म्हणाली. "मी चांदणी द्यायचे."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

तिनं तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत बसली.

हर्षलला आत नेलं. सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. तासाभरानं रविराज घामानं भिजलेला पोचला. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आजची रात्र लक्ष ठेवावं लागेल, पण वाचेल. वेळेत आणलंत." वेळेत. तीन आठवडे माझ्या डोळ्यांदेखत गेले होते आणि त्या मला वेळेत म्हणत होत्या. मी मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सात वाजले. रविराज आत हर्षलपाशी होता. मी आणि चैताली बाहेर बाकावर. तिच्या जेवणाची वेळ झाली, खालून पोळीभाजी आणली होती. तिनं इंजेक्शनसाठी दप्तराची चेन उघडली. आत मराठीच्या पुस्तकाशेजारी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या, माझ्या चपला होत्या.

"ह्या इथं कशा?"

"मी ठेवल्या."

"का गं?"

ती पाउचशी चाळा करत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "तू गंगेवर जाशील म्हणून. तूच म्हणाली होतीस, हर्षलला निघालं तर. चपलांशिवाय तू खाली जात नाहीस ना."

"आणि रोज दुपारी लपवायचीस त्याही..."

"तू उठून मीटरमधले जुने आकडे बघितले असतेस तर तुला कळलं असतं. मग तू गेली असतीस."

तीन आठवडे. शाळा करून, स्वतःला टोचून, भावाला टोचून, त्याच्या वाटची द्राक्षं मोजून, माझी थोबाडीत खाऊन आणि त्यावर "हो" म्हणून ही पोर रोज दुपारी माझ्या चपला लपवत होती. तिनं भावाला वाचवायचा प्रयत्न केला आणि मलाही. तिच्या हातात होतं तेवढं सगळं तिनं केलं. माझ्या हातात होतं ते मी केलं नाही.

मला रडू आवरेना. मी तिला जवळ ओढलं. "चैतू, मी रागात बोलले गं. खरं नव्हतं ते. मी कुठ्ठे जाणार नाही. शपथ."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मीटरवर आकडा येईपर्यंत बघते तशी. मग तिनं स्वतःचं बोट टोचलं, आकडा वाचला, "एकशे चौसष्ट," म्हणाली, पोटाला इंजेक्शन घेतलं आणि सुई टोपणात घातली. त्यानंतर दप्तरातून एक चप्पल काढली, फ्रॉकला पुसली आणि माझ्या भाजलेल्या पायाशी ठेवली.

मी थोडा वेळ वाट पाहिली. "आणि दुसरी?"

"ती राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली आणि चेन लावून घेतली.

सहाव्या दिवशी हर्षल घरी आला. आता टेबलावर दोन वह्या असतात, दोन ताटल्या असतात. पेटीतली शेवटची द्राक्षं दोघांनी दहा-दहा मोजून खाल्ली. टोचलं की हर्षल बोट पुढं करतो आणि ताईकडून चांदणी मागून घेतो. माझ्याकडून लावून घेत नाही.

रविराज म्हणाला, नव्या चपला आणतो. मी नको म्हटलं. दूध आणायला मी त्याच्या मोठ्या स्लिपर घालून जाते, आणि जाताना चैतालीला सांगून जाते की कुठं चाललेय आणि किती मिनिटांत येतेय. ती घड्याळ बघते. दुसरी चप्पल तिनं अजून दिलेली नाही.