माझ्या अंगावरच्या चौदा डागडुज्या

मित्रांनो, माझ्या मीटरवरचा आकडा गेली सात वर्षे एकाच जागी उभा आहे. त्यामुळे मी किती किलोमीटर धावले, हे मलाही नीट सांगता येणार नाही. मी डिझेलवर चालणारी जुनी पिकअप गाडी आहे. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि नाकाखाली साधेसुधे इंजिन. माझा रंग एके काळी निळा होता. डावे दार फक्त बाहेरून उघडते, म्हणून शेजारी बसलेल्याला उतरताना काचेतून हात बाहेर काढावा लागतो. नवखी माणसे हसतात. हसू देत. भरल्या हौद्यानिशी मी अजून चढ चढते, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्यांची फिकीर करत नाही.

माझा पहिला मालक विटा वाहायचा. त्याने मला राबवले भरपूर, पण ऑईल बदलायचे म्हटले की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. डांबरासारखे काळे ऑईल पोटात घेऊन मी तीन वर्षे धावले. मग एक दिवस त्याने मला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि नवी गाडी आणली. माझ्या चाकांतली हवा गेली. सीटखाली उंदरांनी संसार थाटला. त्या भिंतीची प्रत्येक वीट मला पाठ झाली होती, तेव्हा कुठे मला बघायला बाबा आले.

बाबा मधमाश्या पाळायचे. जिथे फुलोरा असेल तिथे पेट्या न्यायच्या, फुलोरा सरला की पुढचे शेत गाठायचे, असा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या रंगाकडे पाहिलेही नाही. ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढली, टोकाचे ऑईल दोन बोटांत चोळले आणि मालकाला विचारले, "हिला काही खायला घालता की नुसतं कामालाच जुंपता?"

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. रोज सकाळी चहा प्यायच्या आधी बाबा बॉनेट उघडायचे. रेडिएटरचे पाणी, ऑईल, पंख्याचा पट्टा, सगळे पाहायचे. डिझेल फिल्टरच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो सैल करून साठलेले पाणी काढायचे. लोक विचारायचे, "एवढी जुनी गाडी आणि अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते कशी?" बाबा उत्तर द्यायचे नाहीत. तीच त्यांची एक खोड होती. माझ्या अंगावर त्यांनी कुठे तार बांधली, कुठे रबर घातले, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हते. विचारले तर म्हणायचे, "माझी गाडी, मला माहीत आहे."

मग घरात सूनबाई आली. तिचा नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, वर्षातून दोनदा यायचा. ती पूर्वी कपडे शिवायची. मधमाश्यांचे काम तिने बाबांकडूनच शिकून घेतले. मला चालवायलाही शिकली, तेही पहिल्याच आठवड्यात फाटकाचा एक खांब पाडून. त्याची आठवण अजून माझ्या बंपरवर आहे. तिने माझ्यासाठी एक वही सुरू केली. कधी ऑईल बदलले, कुठला आवाज कधी आला, सगळे त्यात लिहायची.

"वहीत लिहून गाडी चालत नाही, सूनबाई," बाबा म्हणायचे. "ही काय शिलाई मशीन आहे?"

"शिलाई मशीनचा दोरा तुटला ना बाबा, तर मी एका वेळी एकच गोष्ट बदलायचे. सुई बदलली, बघितलं. ताण बदलला, बघितलं. सगळं एकदम बदललं तर दुखणं कळत नाही."

बाबा मान हलवायचे, पण ती मान होकाराची नसायची.

आता खरी गोष्ट सांगते. त्या वर्षी बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता, आणि ते कबूल करत नव्हते. एकदा मला धुताना डिझेलच्या टाकीत थोडे पाणी गेले. बाबांना ते सहन झाले नाही. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापला आणि टाकीच्या झाकणाला आतून घट्ट चिकटवला. काम सुबक झाले. पाण्याचा थेंब आत जाणे शक्य नव्हते. पण मित्रांनो, त्या झाकणाला एक भोक असते, सुईच्या टोकाएवढे. इंजिन डिझेल पीत जाते तसतशी त्या भोकातून हवा आत येते आणि रिकामी जागा भरते. पातळ बाटलीला तोंड लावून पाणी ओढत राहिले तर बाटली कशी आत चेपते, ते तुम्ही पाहिले असेल. भोक बंद केले की माझ्या टाकीची तीच गत होते. मग टाकीही डिझेल आपल्याकडे ओढून धरते आणि इंजिन उपाशी मरते. बाबांच्या धूसर डोळ्यांना ते भोक ओळखूच आले नाही.

पुढचे काही आठवडे मी फक्त बाजारापर्यंत जात होते. तेवढ्या फेरीत काहीच जाणवले नाही. मग बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले, वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, गाडीला हात लावायचा नाही. आणि त्याच आठवड्यात दोन तासांवरच्या शेतातली सूर्यफुले फुलली.

सूनबाई म्हणाली, "मी नेते पेट्या."

आदल्या संध्याकाळी माश्या परतल्यावर तिने पेट्यांची दारे जाळीने बंद केली. उजाडताच दोन हमालांनी चाळीस पेट्या हौद्यात रचल्या, दोरांनी आवळल्या. बाबा डोळ्यावर हिरवा पडदा लावून फाटकात उभे होते. बंद पेटीतल्या माश्यांना थंड हवेत काही होत नाही. पण ऊन तापले आणि गाडी उभी राहिली, तर त्या आतल्या आत गुदमरतात. म्हणून बाबा एवढेच म्हणाले, "वाटेत थांबू नकोस."

अर्ध्या तासाने मी आचके देऊ लागले. सूनबाईने गिअर उतरवला. मी आणखी दोनदा गचके खाल्ले आणि रस्त्याच्या कडेला गप्प झाले. झाकणाखाली काय चालले आहे ते मला ठाऊक होते. पण मला धूर, थरथर आणि आवाज एवढीच भाषा येते, आणि इंजिन बंद पडले की तीही जाते.

तिने बाबांना फोन लावला.

"फिल्टर चोंदला असेल," बाबा म्हणाले. "सीटमागे नवा आहे. बदल, आणि हातपंपाने एअर काढ."

तिने फिल्टर बदलला. त्याच्यावरचा छोटा हातपंप दाबून दाबून आतली हवा काढली. पंप तिला जड लागला, पण पंधरा मिनिटांनी सेल्फ मारताच मी सुरू झाले. फोनवर बाबांचा आवाज फुलला. "बघ. सांगितलं होतं ना."

सुरू कशाने झाले ते बाबांना माहीत नव्हते. उभे राहिल्यावर झाकणाच्या कडेने हळूहळू थोडी हवा आत शिरली होती, एवढेच. पुन्हा तेवढाच वेळ धावले आणि पुन्हा तशीच बंद पडले. आता सूर्य वर आला होता. रस्त्यावर झाड नव्हते. पेट्यांमधला गुणगुणाट बदलला, चढा आणि टोकदार झाला. सूनबाईने पोती भिजवून पेट्यांवर टाकली, पिण्याचे सगळे पाणी जाळ्यांवर शिंपडले. मग पुन्हा फोन.

"म्हणजे पंपच गेला," बाबा म्हणाले. आवाज पडला होता. "तो रस्त्यावर दुरुस्त होत नाही. दुसरी गाडी बघ आणि पेट्या तिकडे टाक."

"दुपारपर्यंत कोण येणार इथे?"

"मग दारं उघड त्यांची."

"इथे? हमरस्त्यावर? लोकांना फोडून काढतील, आणि संध्याकाळी माश्या परत येतील तेव्हा आपण इथे असणार आहोत का?"

तिने "थांबा जरा" म्हणून फोन बॉनेटवर ठेवला आणि वही काढली. दोन्ही वेळा मी अर्ध्या तासाने थांबले होते. फिल्टर बदलला होता, तरीही. म्हणजे पहिल्यांदा फिल्टरने काही केले नव्हते, नुसत्या उभे राहण्याने केले होते. उभे राहिल्याने बरे होते असे काय? तिने वहीची पाने मागे उलटली. फिल्टर सोडला तर दोन महिन्यांत तिने काहीच बदललेले नव्हते. मग तिने वही मिटली आणि मोठ्याने विचारले, "बाबा, वहीत नाही असं काही केलंत का तुम्ही? डिझेलच्या वाटेवर?"

"टाकीच्या झाकणाला रबर लावलं," बाबा म्हणाले. "पण ते तर चांगलं केलं. पाणी जात होतं."

ती टाकीजवळ आली आणि तिने झाकण फिरवले. मी असा लांब श्वास आत ओढला की ती एक पाऊल मागे सरली. हुस्स करून हवा आत गेली, टाकीचा पत्रा ठण्‌ वाजून पूर्ववत झाला. तिने झाकण उलटे करून उन्हात धरले. मग बाहीला टोचलेली सुई काढून रबराची कड उचकटली, तुकडा सोलून काढला आणि सुईच्याच टोकाने भोक मोकळे केले. हातपंप दाबून पाहिला. आता तो हलका चालत होता.

तिने सेल्फ मारला, आणि मी एका दमात सुरू झाले. तिथून सूर्यफुलांपर्यंत मी एकदाही अडखळले नाही. हे मी जरा अभिमानाने सांगते.

शेतात पोचल्यावर तिने आणि शेतमालकाने धावतपळत पेट्या उतरवल्या. अडतीस पेट्यांतून माश्या भरभरून बाहेर पडल्या. तळाशी दाबल्या गेलेल्या दोन पेट्यांत मात्र मेलेल्या माश्यांचा ओंजळभर थर होता. सूनबाई त्या दोन पेट्यांपाशी बराच वेळ बसून राहिली.

घरी आल्यावर तिने झाकण बाबांच्या हातात दिले, आडपडदा न ठेवता. बाबांनी ते ऑपरेशन झालेल्या डोळ्यासमोर धरले.

"हे भोक आहे होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, घाण बसली आहे."

"दोन पेट्या गेल्या, बाबा."

"हो," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेल्या." त्या दिवशी ते जेवायला उशिरा बसले.

डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली त्या दुपारी बाबा माझ्याजवळ आले आणि त्यांनी सूनबाईला हाक मारली. "वही आण," म्हणाले. मग माझ्या भोवतीने एक एक पाऊल टाकत त्यांनी सगळे दाखवायला सुरुवात केली. रेडिएटरचा पाइप या तारेने बांधला आहे. हेडलाइटचा फ्यूज हा नाही, तो मागचा. हे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत, जोर करू नकोस. सायलेन्सरच्या कडीत पट्ट्याचा तुकडा आहे. सूनबाई खाली बसून लिहीत होती. मध्येच विचारायची, "हे का केलं?" आणि बाबा सांगायचे. एवढी वर्षे एकटे सांभाळलेले गुपित सांगताना त्यांचा आवाज हळूहळू सैल होत गेला. तेरा डागडुज्या झाल्या.

चौदावी त्यांना ब्रेकच्या पॅडलमागे दिसली. पाय काढला की पॅडल मागच्या दिव्यांच्या स्विचला जिथे टेकते तिथला रबरी ठोकळा झिजून गेला होता आणि त्याच्या जागी एक जाड, तपकिरी बटण चिकटवलेले होते. बाबांनी बॅटरी मारून पाहिले, पुन्हा पाहिले.

"हे मी नाही केलं," ते म्हणाले.

सूनबाई वहीतच बघत होती. "मी केलं. मागचे लाल दिवे बंदच होत नव्हते. तुम्ही रागवाल म्हणून लिहिलं नाही."

"आणि बटण?"

"तुमच्या जुन्या कोटाचं."

बाबांनी बोटाने बटण दाबून पाहिले. "तरीच," ते म्हणाले, "थंडीभर तो कोट पोटाशी लागेना." आणि माझ्या दाराला टेकून दोघेही हसत सुटली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. पंखा असेल, सायकल असेल, पाण्याची मोटर असेल. त्याला तेलपाणी वेळेवर द्या, ते बिघडायच्या आधी त्याच्याकडे बघा. आणि त्याला तुमचा हात लागला, तर काय केले ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी नक्की सांगा, चुकले असेल तरी सांगा. कारण मला स्वतःला बोलता येत नाही. माझ्याबद्दल तुम्हालाच एकमेकांशी बोलावे लागते. उद्या मोहरीच्या शेताकडे निघायचे आहे. बाबा डावीकडे बसणार आहेत, म्हणजे उतरताना काचेतून हात त्यांनाच बाहेर काढावा लागेल. माझे ऑईल नवे आहे, पट्टा ताणलेला आहे, आणि माझा श्वास मोकळा आहे.