तिसऱ्यांदा विचारलं तर

पर्च तळ्याकाठच्या बेचाळीस घरांत एक रीत आहे. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की मुकाट्याने बसायचं आणि लिंबाच्या वड्याही हाणायच्या. पहिल्यालाच हो म्हणणारा अडाणी, आणि तीनदा न विचारणारा उद्धट. लव्हर्न कोस्कीला मात्र सगळे एकदाच विचारत. ती "नको" म्हणाली की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडे.

कारण लव्हर्न या सगळ्यांच्या सेप्टिक टँक उपसायची. धंदा बापाचा, टँकरही बापाचा, आणि टँकरच्या पाठीवर बापानेच रंगवून ठेवलेलं, "तुमचं मागचं आम्ही पुढे नेतो". रविवारी कितीही अंग घासून गेली तरी चर्चमध्ये तिच्या बाकावर ऐसपैस जागा असे. जसं काही या लोकांचं आत गेलेलं बाहेर येतच नव्हतं, लव्हर्नच कुठून तरी घेऊन यायची.

तिला तीनदा विचारणारा एकच माणूस होता, ऑरिन हॉगेन. वय चौऱ्याहत्तर, टपाल वाटून निवृत्त झालेला. आणि त्यालाही सगळे एकदाच विचारत. त्यामागे एक निळी गाडी होती. शेजारच्या बर्नेल स्कोगस्टॅडच्या बापाची ही लांबलचक मोटार चाळीसेक वर्षांपूर्वी एका रात्रीत नाहीशी झाली. आठवडाभर आधी ऑरिनने ती विकत मागितली होती, तेवढ्यावर बर्नेलने त्याला चोर ठरवून टाकलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, इथे तशी पद्धतच नाही. फक्त कॉफीचं विचारणं तीनवरून एकावर आलं.

त्या ऑगस्टात तळ्यावर हिरवा तवंग आला, म्हणजे कुणाची तरी टँक तळ्यात गळत होती, आणि तळे संरक्षण मंडळाची सभा भरली. एकोणीस वर्षं अध्यक्ष बर्नेलच. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे अजूनही समोरच्यांना तो चौथीतलेच समजायचा.

"मी कुणाचं नाव घेत नाही," बर्नेल म्हणाला, "पण काही जुन्या, लहान घरांकडे जरा लक्ष द्यायला हवं."

चाळीस माना ऑरिनकडे वळल्या आणि सभ्यपणे परत फिरल्या. ठरलं असं की घरोघरी संडासात रंग ओतायचा. ज्याचा रंग तळ्यात उतरेल त्याने नवी टँक बसवायची, नाहीतर घर सोडायचं. नवी टँक ऑरिनच्या ऐपतीबाहेरची होती. आणि ते घर त्याने आणि त्याच्या मार्लिसने फळी फळी ठोकून बांधलेलं. मार्लिस गेली तीही त्याच घरात.

तपासणीच्या आदल्या दिवशी तो लव्हर्नला म्हणाला, "माझी फुटली असेल का गं?"

"तुमची? दर तिसऱ्या वर्षी मी स्वतः उपसते. तुमच्या टँकमध्ये पान मांडून जेवेन मी."

"जेवायचं राहू दे. कॉफी घे."

ती हसली. टँक धड आहे हे तिला ठाऊक होतं. पण मैला उपसणाऱ्या बाईच्या शब्दाला तळ्याकाठी विचारतो कोण?

शनिवारी सकाळी बर्नेलच्या हिरवळीवर अख्खं मंडळ कप घेऊन उभं राहिलं.

"सुरुवात माझ्यापासून," बर्नेल म्हणाला. "आदर्श आपणच घालून द्यायचा असतो."

लव्हर्नने त्याच्या संडासात लाल रंग ओतला, आठदहा वेळा पाणी सोडलं आणि बाहेर आली. बर्नेलचं भाषण रंगात आलं होतं.

"चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी ही टँक स्वतःच्या हातांनी पुरली. अस्सल पोलाद!"

"शेवटची उपसली कधी?" लव्हर्नने विचारलं.

"कधीच नाही. गरजच पडली नाही!"

लोकांनी कौतुकाने माना हलवल्या. लव्हर्नने डोळे मिटले. जी टँक चाळीस वर्षं भरत नाही, ती कुठेतरी रिकामी होत असते, हे कळायला मुख्याध्यापक असावं लागत नाही.

तासाभरात बर्नेलच्या बोटीच्या धक्क्याखालचं पाणी लालभडक झालं. सगळे आपापल्या कपात बघू लागले.

"सूर्यास्ताचा रंग असेल," शेवटी एक बाई म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

आता टँक उघडणं भाग होतं. झाकण कुठे हे बर्नेललाही माहीत नव्हतं. लव्हर्न लोखंडी सळई टोचत गुलाबांच्या वाफ्यापर्यंत गेली. तिथे खालून ठण्ण आवाज आला. पत्र्याचा. तिने फावडं चालवलं, आणि माती सरली तसं आधी निळं छप्पर दिसलं, मग काच, मग वायपर.

बर्नेलच्या बापाने टँकचे पैसे वाचवायला स्वतःची गाडीच पुरली होती. वर चोरीचा विमा खाल्ला आणि चोर म्हणून शेजाऱ्याला मिरवू दिलं, पोटच्या पोराला सुद्धा सांगितलं नाही. चाळीस वर्षं स्कोगस्टॅडांचं सगळं त्या गाडीच्या मागच्या सीटवर जात होतं आणि गंजलेल्या तळातून तळ्यात.

लव्हर्नच्या जिभेवर चार शब्द आले होते. तिने ते गिळले, कारण ऑरिन कुंपणापाशी उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

खबर लागून आलेल्या सरकारी तपासनिसाने बर्नेलच्या घराला कुलपासारखी चिठ्ठी लावली, पाण्याचा थेंबही सोडायचा नाही. भाड्याचा संडास सोमवारी यायचा होता. बर्नेल दुपारभर दारोदार फिरला. सगळ्यांकडे अचानक पाहुणे आले होते. उद्या आपलीच पाळी, त्यात अध्यक्षाची भर कोण घेणार! शिवाय रंग ओतण्याआधीच टँक उपसून घ्यायला लोक लव्हर्नला हळूच फोन करू लागले होते.

संध्याकाळी ऑरिनचा रंग तपासून झाला. तळं स्वच्छच राहिलं. लव्हर्न त्याच्या स्वयंपाकघरात बसली होती, तेवढ्यात दार वाजलं. बर्नेल होता. एका हातात लिंबाच्या वड्या, बगलेत संडासाच्या कागदाची गुंडाळी, आणि पाय एकावर एक चढवलेले.

"ये, आत ये," ऑरिन म्हणाला.

"नको, नको," बर्नेलच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"अरे, ये ना."

"कशाला उगाच त्रास."

बोलल्यावर तो स्वतःच दचकला. आता फक्त तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं होतं. ऑरिन नुसता दाराला टेकून उभा राहिला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. बर्नेलच्या कपाळावर घाम जमला.

"ऑरिन," तो म्हणाला, "गाडी तू नेली नव्हतीस."

"नाही."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो."

"हो. मार्लिसला फार लागलं होतं रे ते. तिला कुणी तीनदा विचारलं नाही कधी. मरेपर्यंत."

बर्नेलची मान खाली गेली. "चुकलो मी. उद्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगतो."

ऑरिनने दार पुरतं उघडलं.

"ये, बर्नेल. डावीकडचं दार," तो म्हणाला. "आणि पाणी बिनधास्त सोड. टँक लव्हर्नने उपसलेली आहे."

बर्नेल धावला. ऑरिनने वड्यांची थाळी लव्हर्नपुढे सरकवली आणि तीन कप काढले.